थांबण्याची ऐपत : तेर, हारो, अकलूज आणि लाल वाइनचा इतिहास

१.
महाराष्ट्रात वाइनचा विषय निघाला की इतिहासप्रेमींमध्ये दोन तट पडतात. एका तटाच्या मते वाइन ही पाश्चात्त्यांची चैन. आपल्या मातीशी तिचे नाते नाही. दुसऱ्या तटाच्या मते दोन हजार वर्षांपूर्वी रोमन व्यापाऱ्यांची वाइन दख्खनच्या वाटेवर होती, म्हणजे ती आपलीच. उमरग्यासारख्या गावाच्या बाजूने या वादाकडे पाहिले की दोन्ही विधाने अपुरी वाटू लागतात. लाल वाइनचा इतिहास चवीपेक्षा मालकीचा अधिक आहे, आणि मालकीपेक्षाही तो थांबण्याच्या ऐपतीचा आहे. हा धागा त्या ऐपतीविषयी.

२.
प्रथम भूगोल. उमरगा हे धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे. त्याच जिल्ह्यात तेर आहे. प्राचीन ‘तगर’ म्हणजे आजचे तेर, ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पटवून दिली. सोलापूरच्या पलीकडे, माळशिरस तालुक्यात, अकलूज आहे. तेथे आज इटालियन नावाची एक वाइन कंपनी आहे. तेर, अकलूज आणि स्पेनमधील हारो या तीन ठिकाणांना जोडणारी रेषा उमरग्याच्या शेतकऱ्याच्या बांधावरून कशी जाते, ते पुढे पाहू.

३.
‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हा इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतला व्यापारी वृत्तांत. त्यात बॅरिगाझा, म्हणजे भडोच, येथे उतरणाऱ्या मालाची यादी आहे. यादीत वाइन आहे. इटालियन वाइनला पसंती असल्याचे लेखक सांगतो, शिवाय लाओदिकियाच्या आणि अरबी वाइनचाही उल्लेख करतो. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तगरहून साधे कापड, तलम कापड आणि इतर माल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मोठ्या मुलुखातून बंदराकडे जात असे.

४.
या नोंदीचा अर्थ नीट लावायला हवा. भडोचला वाइन उतरली म्हणून ती तेरच्या घराघरांत पोहोचली, असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो वेगळा आणि अधिक महत्त्वाचा निष्कर्ष : तगरने कापड विकले, वाइन पिकवली नाही. तेरच्या वस्तुसंग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय मूर्तीशी साम्य आहे. अशा वस्तू व्यापाराची साक्ष देतात, द्राक्षबागेची नाही. आयात झालेल्या वस्तूवर ‘आपली’ असा हक्क सांगायचा, तर त्याच न्यायाने दख्खनचे कापड रोमचे ठरेल.

५.
द्राक्षे मात्र दख्खनला परकी नाहीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसापासून केलेल्या मद्याचा उल्लेख येतो आणि त्याची कापिशायन, हारहूरक ही नावे वायव्येकडील प्रदेशांकडे बोट दाखवतात. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेविषयी लिहिताना तेथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे नोंदवतो. त्या प्रवाशाला नवल वाटलेली ही गोष्ट आजच्या बागायतदाराला रोजची आहे. युरोपात थंडीत वेल झोपते. दख्खनमध्ये ती झोपत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी अशी दोन वेळा कात्री चालवावी लागते. वेल दोन बहारांची तयारी दाखवते. माणूस त्यांतला एक नियोजनपूर्वक राखतो.

६.
आता स्पेनकडे वळू. उत्तर स्पेनमधील रिओहा प्रांतात एब्रो नदीकाठी हारो नावाचे छोटे शहर आहे. १८६०च्या दशकात फ्रान्समधील द्राक्षबागांवर फायलोक्सेरा या मुळांवरील किडीचे संकट आले. बागा वाळल्या, तेव्हा फ्रेंच व्यापारी वाइनच्या शोधात पिरेनीज पर्वत ओलांडून रिओहात आले. त्यांच्याबरोबर ओक लाकडाच्या लहान पिंपांत वाइन मुरवण्याचे बोर्दोचे तंत्र रिओहात चांगलेच रुजले. हारोच्या रेल्वे स्थानकाभोवती एकामागून एक बोदेगा, म्हणजे वाइन बनवण्याची व साठवण्याची तळघरे, उभी राहिली. शेजाऱ्याच्या बागेवरील रोगातून एका प्रदेशाचे भाग्य उजळले.

७.
त्यांपैकी एक लोपेझ दे एरेदिया कुटुंबाची. स्थापना १८७७. एब्रोच्या वळणावर सुमारे शंभर हेक्टरांची ‘तोंदोनिया’ ही बाग या कुटुंबाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लावली. आज संस्थापकाची चौथी पिढी कारभार पाहते. पिंपेही स्वतःच्याच कारखान्यात घडवली जातात. तेंप्रानियो या मुख्य जातीच्या द्राक्षांत गार्नाचा, ग्रासियानो, मासुएलो मिसळून जी लाल ‘रेसेर्वा’ वाइन तयार होते, ती सुमारे सहा वर्षे ओकच्या पिंपांत राहते आणि नंतर आणखी काही काळ बाटलीत. रिओहाच्या नियमांनुसार लाल रेसेर्वा वाइन एकूण तीन वर्षे मुरवली की पुरे. हे कुटुंब नियमाच्या दुपटीहून अधिक काळ थांबते.

८.
या सहा वर्षांकडे अर्थशास्त्राच्या नजरेने पाहावे. आज तोडलेल्या द्राक्षांचे पैसे सहा-सात वर्षांनी येणार. तोवर मजुरी, औषधफवारणी, पिंपे, घरखर्च, कर सारे चालूच. एका वेळी तळघरात अनेक वर्षांचे उत्पन्न अडकून पडलेले. असा व्यवसाय कोण करू शकते? ज्याला सावकाराच्या तगाद्याची भीती नाही, जमिनीचे तुकडे होण्याची घाई नाही आणि आजोबांनी भरलेली पिंपे नातवाने विकण्यात ज्याचे काही बिघडत नाही, तो. लेबलवर जिला ‘परंपरा’ म्हणतात, ती बऱ्याच अंशी खेळत्या भांडवलाची सोय असते. कुटुंब ही संस्था येथे बँकेचे काम करते.

९.
म्हणून ‘घराण्याची वाइन’ या शब्दांतील भावुकता थोडी बाजूला ठेवणे बरे. स्पेनमधील सर्वांत ख्यातनाम वाइनरींपैकी एक असलेल्या वेगा सिसिलियाची सुरुवात १८६४ मध्ये एलोय लेकांदा यांनी केली. पुढे तिची मालकी अनेकदा बदलली आणि १९८२ मध्ये ती आल्वारेझ कुटुंबाकडे आली. वाइनचे नाव टिकले, कुटुंबे बदलली. दुसरी बाजू अशी की रिओहातील बहुसंख्य द्राक्षे पिढ्यान्‌पिढ्या लहान शेतकऱ्यांनी पिकवली आणि नामांकित तळघरांना विकली. त्यांची नावे लेबलवर आली नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्याला तेथे सहकारी तळघरे निघाली. तीही बहुतेक वेळा ठोक वाइन मोठ्या बोदेगांना पुरवत राहिली. मुरवण्याची ऐपत ज्याची, नाव त्याचे.

१०.
दख्खनमध्ये अशी घराणी का उभी राहिली नाहीत? पहिले उत्तर जमिनीत आहे. महाराष्ट्र शेतजमीन कमाल जमीनधारणा अधिनियम १९६१ चा. सत्तरच्या दशकातील दुरुस्तीनंतर बारमाही सिंचनाच्या जमिनीची मर्यादा कुटुंबामागे १८ एकर आणि कोरडवाहूची ५४ एकर झाली. तोंदोनियाची बाग सुमारे अडीचशे एकरांची आहे. कायद्याने आखलेली ही रेषा उमरग्याच्या संदर्भात विशेष अर्थपूर्ण ठरते. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जहागिरी आणि देशमुखी यांच्या ओझ्याची आठवण येथे पुस्तकातून शिकावी लागत नाही. मोठी इस्टेट येथे सौंदर्याची वस्तू नव्हती. ती मोडणे हा स्वातंत्र्याचा भाग होता.

११.
दुसरे उत्तर दारूच्या राजकारणात आहे. हैदराबाद संस्थानात अबकारी हा तिजोरीचा मोठा आधार होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडे तोडणे हा सत्याग्रहाचा प्रकार झाला, तो याच कारणाने. झाड पडले की राज्याचे उत्पन्न पडे. सीमेपलीकडच्या मुंबई प्रांतात १९४९ मध्ये दारूबंदी अधिनियम आला. महाराष्ट्रातील वाइनरीला आजही परवाना मिळतो तो याच ‘दारूबंदी’ नावाच्या कायद्याखाली. पुढे गावोगावच्या स्त्रियांनी ‘आडवी बाटली’ला मत देऊन दुकाने बंद पाडली. दारूविरोधाला सनातनीपणा म्हणून उडवून लावणाऱ्यांनी हा इतिहास वाचलेला नसतो. संसार मोडताना पाहिलेल्या बाईचा विरोध हा इतिहासाचाच दस्तऐवज आहे.

१२.
तरीही वाइन आली. नारायणगाव परिसरात चौगुले कुटुंबाच्या इंडेज कंपनीने १९८०च्या दशकात फ्रेंच साहाय्याने फेसाळ वाइन काढली. ‘ओमर खय्याम’ हे तिचे नाव परदेशातही पोहोचले. नाशिकजवळ कुटुंबाच्या जमिनीवर राजीव सामंत यांनी सुला उभारली. तिची पहिली वाइन २००० मध्ये आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क आखले. त्यानंतरच्या काही वर्षांत अनेक द्राक्ष बागायतदार कुटुंबांनी कर्ज काढून वाइनरी बांधल्या.

१३.
मग २००८ ची जागतिक मंदी आली. खप अडला, साठा वाढला, हप्ते थकले. इंडेजसारखी जुनी कंपनी कर्जात बुडाली. अनेक लहान वाइनरी बंद पडल्या. वाइनरींनी माल उचलला नाही, तेव्हा शेतकऱ्यांनी वाइनच्या जातींच्या बागा उपटल्या. यातील क्रूर तांत्रिक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. वाइनची द्राक्षे लहान, जाड सालीची, बियांची असतात. ती फळबाजारात चालत नाहीत. खाण्याच्या द्राक्षांचा भाव पडला तर बेदाणा करता येतो; काबेर्ने सोव्हिन्यॉन लावलेल्याला एकच गिऱ्हाईक असते. त्या गिऱ्हाइकाने पाठ फिरवली की शेतकऱ्याच्या हाती सरपण उरते. स्पेनमध्ये मंदीतही वाइन तळघरात पडून राहते आणि काही वेळा तिची किंमत वाढते. येथे तीच वाइन बुडीत कर्ज ठरली. द्रव तोच, फरक थांबण्याच्या ऐपतीचा.

१४.
याच काळात अकलूजला फ्रातेल्ली उभी राहिली. इटालियन भाषेत ‘फ्रातेल्ली’ म्हणजे भाऊ. भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या : इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यातील रणजितसिंह व अर्जुनसिंह. टस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांनी वाइन घडवण्याची धुरा घेतली. गारवाड, मोटेवाडी आणि निमगाव येथे बागा लागल्या. टस्कनीची सांजोव्हेझे ही जात माळशिरस तालुक्यात रुजली. सांजोव्हेझे आणि काबेर्ने सोव्हिन्यॉन यांपासून, ओकच्या पिंपांत मुरवून, ‘सेत्ते’ ही लाल वाइन तयार झाली. ‘सेत्ते’ म्हणजे सात : सहा भाऊ आणि मासी.

१५.
मराठी प्रदेशातील ‘घराण्याची लाल वाइन’ असे ज्याला म्हणता येईल, त्याचे हे ठळक उदाहरण. पण ही ऐपत आली कोठून, हा प्रश्न विचारल्याशिवाय इतिहास पूर्ण होत नाही. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांनी माळशिरस तालुक्यात सहकारी साखर कारखानदारी उभी केली. नीरेच्या पाण्यावर, सभासदांच्या भागभांडवलावर, दोन पिढ्यांत त्या परिसरात रस्ते, शाळा, महाविद्यालये, पतव्यवस्था उभी राहिली. तिसऱ्या पिढीने वेली लावल्या, त्या या पायाभूत रचनेवर. सहकाराने एका प्रदेशाला स्थैर्य दिले आणि त्या स्थैर्यातून खासगी धाडस शक्य झाले. यात दोष शोधण्याचे कारण नाही; क्रम मात्र लक्षात ठेवावा.

१६.
मग सहकाराने स्वतः वाइन का केली नाही? येथे ऊस आणि द्राक्षवेल यांच्या काळाचा फरक आहे. तोडलेला ऊस थांबत नाही. कायदाही सांगतो की त्याचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत. महाराष्ट्रातील सहकाराचे सारे शहाणपण या घाईभोवती घडले : लवकर गाळप, लवकर विक्री, लवकर हप्ता. लाल वाइनचे शहाणपण नेमके उलटे. सभासदाला पाच वर्षे थांबायला सांगणारा अध्यक्ष पुढची निवडणूक जिंकणार नाही. शेअर बाजारातही घाई आहेच. सुला डिसेंबर २०२२ मध्ये बाजारात नोंदली गेली आणि फ्रातेल्लीही आज नोंदणीकृत कंपनी आहे. तिमाही निकालांच्या जगात कुटुंबाचा संयम किती काळ टिकतो, हे पुढील पिढी पाहील.

१७.
आता उमरग्याच्या शेतकऱ्याकडे येऊ. १९७२ चा दुष्काळ. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, ज्यात औसा आणि उमरगा हे तालुके सर्वाधिक होरपळले. २०१२ ते २०१६ दरम्यानची कोरडी वर्षे. अशा मुलखात बाग जगवणे हेच मोठे थांबणे आहे. सोलापूर पट्ट्याने त्यासाठी बुद्धी कमी खर्च केलेली नाही. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेतल्या निरीक्षणातून सोनाका, शरद सीडलेस यांसारख्या जाती निवडून वाढवल्या. क्षार आणि पाण्याची टंचाई सोसणारे डॉगरिज हे अमेरिकी खुंट महाराष्ट्रभर पसरले. फायलोक्सेरानंतर युरोपानेही आपल्या वेली अमेरिकी खुंटांवरच वाचवल्या. हारोची वेल आणि सोलापूरकडची वेल, दोघी आज परक्या मुळांवर उभ्या आहेत. ‘अस्सल माती’चा अभिमान मिरवताना एवढे तरी आठवावे.

१८.
बुद्धी आहे, कष्ट आहेत, हवामान जमवून घेण्याची कला आहे. उणीव आहे ती थांबू देणाऱ्या संस्थेची. तिचा एक नमुना महाराष्ट्रात आधीच चालू आहे. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत बेदाण्याचाही समावेश आहे. माल गोदामात ठेवावा, त्यावर कर्ज उचलावे, भाव आल्यावर विकावे. बेदाणा हा शेतकऱ्याने शोधलेला थांबण्याचा मार्ग आणि तारण कर्ज ही त्याला मिळालेली संस्थात्मक साथ. जे काम हारोला चार पिढ्यांच्या घराण्याने केले, ते येथे गोदामाची पावती काही महिन्यांसाठी करते.

१९.
म्हणून या धाग्याचे मत असे. द्राक्ष उत्पादकांच्या नावाने वाइन धोरण आखायचे असेल, तर त्याचा पहिला प्रश्न ‘वाइन कोठे विकावी’ हा नसावा. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपर मार्केटमध्ये वाइन विक्रीचा निर्णय घेतला, तेव्हा सारा वाद दुकानाच्या फडताळाभोवती फिरला. एका बाजूला शेतकऱ्याचे हित, दुसऱ्या बाजूला समाजाचे आरोग्य. मुरत्या वाइनवर कर्ज कोण देणार, करार मोडला तर वाइनच्या द्राक्षांचे काय, बाटलीवर पिकवणाऱ्या गावाचे नाव येणार का, हे प्रश्न फडताळाच्या मागे राहिले. विक्री वाढली आणि हे प्रश्न तसेच राहिले, तर २००८ नंतरचे चित्र पुन्हा दिसेल. आणि सामाजिक किंमत मात्र त्याच स्त्रिया मोजतील, ज्यांनी बाटली आडवी केली होती.

२०.
जमीनधारणेची मर्यादा सैल करून ‘इस्टेट’ घडवावी, असाही सूर अधूनमधून निघतो. तो उलटा उपाय ठरेल. अठरा एकरांची मर्यादा ज्या अन्यायातून आली, तो अन्याय कोणत्याही वाइनपेक्षा जुना आणि कडू होता. रिओहाकडून घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. १९२५ मध्ये तेथे प्रदेशाच्या नावाला अधिकृत संरक्षण मिळाले. पुढे किती काळ मुरवले म्हणजे कोणते नाव लावता येते, याचे नियम ठरले. नाव प्रदेशाचे झाले, त्यामुळे घराण्यांखेरीज इतरांनाही त्याचा आधार मिळाला. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे. मात्र नावाबरोबर पिकवणाऱ्याचा वाटाही नोंदला जायला हवा. नाहीतर रिओहाच्या लहान शेतकऱ्यांची चूक नसलेली गोष्ट येथेही घडेल : द्राक्षे त्यांची, कीर्ती इतरांची.

२१.
इतिहासाच्या विद्यार्थ्यांना यातून एक साधन मिळते. कोणतीही ‘वारसा’ म्हणून मिरवली जाणारी वस्तू समोर आली, की तिचे वय विचारण्याआधी तिच्यासाठी कोण थांबले आणि त्या थांबण्याचा खर्च कोणी उचलला, हे विचारावे. पैठणी, अत्तर, जुने वाडे, शंभर वर्षांची आमराई, सगळ्यांना हा प्रश्न लागू पडतो. तगरच्या विणकराने तलम कापड विणले. त्याचे नाव ग्रीक खलाशाच्या यादीत नाही, वाइनचे गाव मात्र आहे. दोन हजार वर्षांनंतर धाराशिवच्या बागायतदाराचे नाव तरी यादीत यावे, एवढी अपेक्षा ठेवणे म्हणजे चैनीची भलामण नव्हे. तो हिशेब आहे, आणि फार दिवस थकलेला आहे.

धागा समाप्त. उमरगा, तुळजापूर, लोहारा परिसरातील जुन्या द्राक्षबागांच्या, छाटणीच्या नोंदवह्यांच्या आणि बेदाण्याच्या पट्ट्यांच्या आठवणी ज्यांच्या घरात असतील, त्यांनी त्या जपून ठेवाव्यात. या प्रदेशाचा पुढचा इतिहास त्यांतूनच लिहिला जाईल.